इंजेक्शनच्या मागणीवर माझी सही नाही

नर्मदेकाठची (धागाकर्ती)

इंदूरला आमच्या कॉलोनीत सध्या मुख्यमंत्र्यांच्या नावे एक निवेदन फिरतं आहे. लहान मुलींवर अत्याचार करणाऱ्याला 'ते इंजेक्शन', म्हणजे वासना मारणारं औषध, देऊन निकामी करण्याचा कायदा मध्य प्रदेशाने करावा, एवढीच मागणी. १२ वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशी देणारं विधेयक भोपाळच्या विधानसभेने डिसेंबर २०१७ मध्ये देशात सर्वांत आधी मंजूर केलं, तसंच याही बाबतीत आपण पुढे व्हावं, असं त्यात म्हटलं आहे. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत पुष्कळ मराठी घरांतून सह्या झाल्या. मी केली नाही. व्हॉट्सॲपवर यावरून बरंच बोलणं झालं, पण तिथे चार ओळींच्या पुढे कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

गुन्हेगाराचा पुळका हे कारण नाही. राजवाड्याजवळ आईबापांच्या कुशीत झोपलेल्या तान्ह्या मुलीचं एप्रिल २०१८ मध्ये काय झालं, ते या शहरात कोणी विसरलेलं नाही. तेव्हा मीही मेणबत्ती घेऊन उभी होते आणि आजही तशी वेळ आली तर उभी राहीन. कैद हवी, लांब हवी, आणि नक्की व्हायला हवी.

पण औषध ही वेगळी गोष्ट आहे. डॉक्टर सुई हातात घेतो तेव्हा समोरचा माणूस त्याचा रुग्ण असतो. त्याच्या भल्यासाठी, त्याला समजावून, त्याने हो म्हटल्यावर ती सुई टोचायची असते. न्यायाधीशाने शिक्षा म्हणून सुई टोचायला सांगितली की डॉक्टर कोणाचा नोकर झाला? २०१६ साली इंडोनेशियात राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी असा अध्यादेश आणला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने सरळ सांगितलं की हे काम आम्ही करणार नाही. मला त्यांचा अभिमान वाटला.

दुसरी गोष्ट, लैंगिक गुन्हेगार कोण हे सरकार ठरवतं आणि सरकारचं मत बदलत राहतं. ॲलन ट्युरिंग हा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची गुप्त लिपी फोडणाऱ्यांपैकी एक. १९५२ मध्ये ब्रिटिश कोर्टाने त्याला समलैंगिक संबंधांसाठी दोषी ठरवलं. तुरुंग नको असेल तर स्त्री-संप्रेरकाचे उपचार घे, असा पर्याय दिला. त्याने ते घेतले. १९५४ मध्ये तो गेला. ब्रिटनने त्याला माफी दिली २०१३ मध्ये. आपल्याकडे तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कलम ३७७ खाली दोन सज्ञान माणसांचं आपसातलं प्रेमही गुन्हा होतं. 'विकृतांना इंजेक्शन' हा कायदा १९९० साली झाला असता, तर त्या यादीत कोणाकोणाची मुलं बसली असती याचा विचार करा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अलीकडच्या वर्षांतला अहवाल काढा. बलात्काराच्या दर १० प्रकरणांत ९ हून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर, घरमालकाचा मुलगा. इंजेक्शनच्या कायद्याचं चित्र मात्र आपल्या डोक्यात अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी राक्षसाचं असतं. मामालाच ते इंजेक्शन मिळणार आहे हे घरात कळलं, तर आजी नातीला पोलिसात जाऊ देईल का? मला तरी वाटत नाही.

इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत. ही औषधं नेमकी काय करतात आणि कायदा काय म्हणतो, ते जाणकारांनी सांगावं. विरोधी मतही मोकळेपणाने लिहा.

सुदामानगरचे अण्णा

ताई, तुमचं लिखाण नेहमी वाचतो, आदर आहे. पण आज पटलं नाही. मानवी हक्क, मानवी हक्क! त्या तान्हीला मानवी हक्क नव्हते का? तिची संमती कोणी विचारली होती? ज्याने दुसऱ्याच्या शरीराची किंमत ठेवली नाही, त्याच्या शरीराची काळजी आपण का वाहायची? ट्युरिंगने कोणाचं वाईट केलं नव्हतं, त्याचं उदाहरण या नराधमांना लावू नका. निवेदनावर पहिल्या पानावर माझी सही आहे आणि ती राहणार.

दोघींची आई

अण्णांशी सहमत. माझ्या मुली ६ आणि ९ वर्षांच्या आहेत. शाळेची व्हॅन पाच मिनिटं उशिरा आली तरी पोटात गोळा येतो. इंजेक्शनने वासना कमी होत असेल आणि माणूस तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा कोणाला हात लावणार नसेल, तर त्यात वाईट काय? फाशीपेक्षा तर हे सौम्यच झालं ना? अमेरिकेत चालतं असं ऐकलं आहे.

एमवायचा जुना विद्यार्थी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. औषधांबद्दल जे बोललं जातं त्यात गैरसमज फार, म्हणून सविस्तर लिहितो.

'कायमचं निकामी' करणारं कुठलंही इंजेक्शन नाही. तीन प्रकारची औषधं वापरतात. एक मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. आशाताई गावोगाव बायकांना 'अंतरा' म्हणून तीन महिन्यांतून एकदा ज्या इंजेक्शनबद्दल सांगतात, त्यातलं हेच औषध. पुरुषांना ते कितीतरी मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. दुसरं सायप्रोटेरॉन, युरोपात आणि कॅनडात चालतं. तिसरा गट ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन यांचा. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी आणि फार लवकर वयात येणाऱ्या मुलींसाठी ही औषधं आपल्याकडे रोज वापरली जातात. सगळ्यांचं काम एकच, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक खाली आणणं. औषध थांबलं की काही महिन्यांत ते बहुतेक वेळा पुन्हा वर येतं. म्हणजे वर्षानुवर्षं द्यावं लागतं आणि रक्त तपासत राहावं लागतं, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेऊन माणूस सगळा परिणाम पुसून टाकू शकतो.

दुष्परिणाम किरकोळ नाहीत. हाडं ठिसूळ होतात, वजन आणि साखर वाढते, छाती वाढते, रक्तात गुठळ्या होऊ शकतात, नैराश्य येतं. सायप्रोटेरॉन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका आहे, असा इशारा युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये दिला.

आता उपयोग कोणाला होतो ते पाहू. ज्याला मुलांबद्दल तीव्र, सतत आकर्षण आहे, जे त्यालाही नकोसं झालं आहे आणि जो स्वतः मदत मागतो, त्याला होतो. स्वीडनमध्ये कारोलिन्स्का संस्थेने २०२० मध्ये एक चांगला अभ्यास छापला. मदतीसाठी स्वतःहून आलेले ५२ पुरुष, निम्म्यांना डेगारेलिक्स हे औषध, निम्म्यांना नुसतं दिखाऊ इंजेक्शन. दोन आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचा धोका मोजण्याइतका कमी झाला. पण ते आपल्या पायांनी आले होते, हे विसरू नका.

मुलांवर अत्याचार करणारा प्रत्येक जण या आजाराचा नसतो. पुष्कळ जण संधी साधतात, दारूत असतात, सूड घेत असतात, किंवा समोरचा दुबळा आहे म्हणून सत्ता गाजवतात. टेस्टोस्टेरॉन खाली आणून राग आणि मग्रुरी खाली येत नाही. अत्याचाराला लिंगच लागतं असंही नाही. २०१३ पासून कायद्याची व्याख्याही हात आणि वस्तू धरून आहे. अशा माणसाला इंजेक्शन देऊन घरी सोडलं आणि आईबाप निर्धास्त झाले, तर मुलीचा धोका वाढला असं मी म्हणेन.

नुसतं समुपदेशनही रामबाण नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत अशा कैद्यांसाठी गटात चालणारा उपचार वर्षानुवर्षं दिला जात होता. २०१७ मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयाने हिशेब मांडला, तर उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ८ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले होते. कार्यक्रम बंद केला. मला ही गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी मोजलं आणि थांबवलं. आपण मोजणार आहोत का?

काळा कोट

'दोघींची आई', अमेरिकेत चालतं हे खरं, पण सगळीकडे नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये सुरुवात केली, अलाबामाने २०१९ मध्ये पॅरोलची अट म्हणून आणलं, लुइझियाना २०२४ मध्ये शस्त्रक्रियेपर्यंत गेलं. दक्षिण कोरियात २०११ पासून आहे. पोलंडमध्ये आहे. पाकिस्तानने २०२० मध्ये अध्यादेश काढला आणि पुढच्याच वर्षी कायदा करताना ते कलम वगळलं. दुसरीकडे युरोपच्या अत्याचार-प्रतिबंधक समितीने चेक प्रजासत्ताकाला आणि जर्मनीला कैद्यांची शस्त्रक्रिया थांबवा म्हणून सुनावलं, आणि तिथे तर कैद्याची लेखी संमती घेतली जात होती. बंद कोठडीतल्या माणसाची संमती कितपत मोकळी, हा त्यांचा मुद्दा होता.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने देशभरातून आलेल्या सुमारे ८० हजार सूचना पाहून २९ दिवसांत अहवाल दिला, २३ जानेवारी २०१३ ला. इंजेक्शनची मागणी त्यांच्यापुढेही होती. संमतीशिवाय कोणाही नागरिकाला घातक दुष्परिणामांच्या तोंडी देणं घटनेत बसत नाही आणि बलात्काराचं सामाजिक मूळ त्याने उपटलं जात नाही, म्हणून समितीने ती नाकारली. २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी केंद्राला हीच शिक्षा विचारात घ्यायला सांगितलं. तेव्हा मत दोन्ही बाजूंनी आहे, हे मान्य.

पण सर्वोच्च न्यायालयाची रेघ बरीच स्पष्ट आहे. सेल्वी प्रकरणात, २०१० मध्ये, आरोपीच्या मर्जीविरुद्ध नार्को चाचणी करता येत नाही असं ठरलं. जेकब पुलियेल प्रकरणात, २०२२ मध्ये, लसीचीही सक्ती कोणावर करता येत नाही असं म्हटलं. माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याचे मूलभूत हक्क फाटकावर काढून ठेवले जात नाहीत, हे सुनील बात्रा प्रकरणापासून, १९७८ पासून आहे. आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ९५ मनोरुग्णावर उपचार म्हणून नसबंदी करायला सरळ बंदी घालतं. हे इंजेक्शन म्हणजे नसबंदी नव्हे, तरी कायद्याचा कल कुठे आहे ते दिसतं.

ताईंच्या '१० पैकी ९' बद्दल एक पुस्ती: त्यात लग्नाचं वचन देऊन फसवल्याची प्रकरणंही आहेत. मुलांची प्रकरणं वेगळी काढली तरी चित्र फार बदलत नाही, हे माझ्या कामातलं निरीक्षण.

सुदामानगरचे अण्णा

वकीलसाहेब, कायदा तुम्ही म्हणता तसा असेल. पण राजवाड्याच्या केसमध्ये महिन्याच्या आत फाशीची शिक्षा झाली होती, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मग सामान्य माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा? म्हणूनच लोक इंजेक्शन मागतात.

काळा कोट

अण्णा, तुम्ही योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. ती केस इंदूरच्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

१२ मे २०१८ ला फाशीची शिक्षा सुनावली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बाजूला ठेवला, तो आरोपीची दया आली म्हणून नव्हे. खटला १५ दिवसांत उरकला होता. बचावाला तयारीला वेळ दिला नव्हता. डीएनए अहवालावर सगळी भिस्त होती आणि तो तयार करणाऱ्या तज्ज्ञाची साक्षच घेतली नव्हती. म्हणून खटला पुन्हा चालवायला परत पाठवला. साडेपाच वर्षांनी! त्या आईबापांना पुन्हा कोर्टाची पायरी. आपल्या टाळ्यांची किंमत त्यांनी मोजली.

आरोपीचा हक्क पाळला असता, एका तज्ज्ञाला पिंजऱ्यात उभं केलं असतं, तर निकाल टिकायला आधार मिळाला असता. आरोपीचे हक्क मुलीच्या विरोधात आहेत असं आपण धरून चालतो. त्या केसमध्ये ते तिच्याच बाजूचे होते. आणि आता विचार करा, अशा घाईच्या निकालानंतर दुसऱ्या दिवशी इंजेक्शन सुरू केलं असतं, तर?

लष्कर, ग्वाल्हेर

निवृत्त शिक्षक आहे. एक आठवण लिहितो. आणीबाणीत माझे वडील मास्तर होते. नसबंदीच्या केसेस आणा, नाहीतर पगार नाही, असं वरून आलं होतं. घरात चूल कशी चालली ते आईला ठाऊक. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे सगळं आलं: शिक्षकांचे पगार अडवले, म्हाताऱ्यांना आणि बिनलग्नाच्या पोरांनाही धरून नेलं. त्यावेळीही सांगायला कारण चांगलंच होतं, देशाचं भलं. सरकारच्या हाती माणसाच्या शरीरात सुई किंवा सुरी घालायची परवानगी आली की ती गरिबाच्या दारी आधी पोचते. ज्याच्याकडे वकील आहे त्याला कोणी हात लावत नाही. अण्णा, आपण एका वयाचे आहोत, तुम्हालाही आठवत असेल.

सुदामानगरचे अण्णा

आठवतं. आमच्या शेजारच्या रामलालला धरून नेलं होतं, मूलबाळ नव्हतं त्याला. ते मी नाकारत नाही.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. ज्याचा गुन्हा दोन-दोनदा सिद्ध झाला, अपिलं संपली, त्याने सुटण्याआधी औषध घ्यावं अशी अट घालायला काय हरकत आहे? डॉक्टर म्हणतात काहींना उपयोग होतो. मग त्या काहींना तरी द्या.

एमवायचा जुना विद्यार्थी

काका, तुमची ही मागणी निवेदनातल्या मागणीपेक्षा पुष्कळ वेगळी आहे आणि मी तिच्याशी बोलू शकतो. तपासणी करून ज्याला आजार आहे त्याला औषध देऊ करावं, समजावून सांगावं, हाडांची आणि रक्ताची तपासणी सरकारने फुकट करावी, त्याला कधीही थांबवता यावं. हे मला मान्य. 'घेतलंस तर सुटशील, नाहीतर सडशील' असं म्हटलं की ती संमती उरत नाही. औषध घेणं आणि सुटका यांचे निर्णय वेगवेगळ्या लोकांनी घ्यावेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरने पॅरोलच्या कागदावर सही करू नये. इथे मी हटणार नाही.

दोघींची आई

सगळं वाचलं. राजवाड्याच्या केसचं हे मला माहीत नव्हतं. आता माझा साधा प्रश्न. इतकी चर्चा गुन्हेगाराच्या औषधाची झाली. देव न करो, पण मुलीवर प्रसंग आला तर तिच्या उपचाराचं काय? माझ्या नात्यात एकीला घेऊन गेलो तेव्हा एका खाजगी दवाखान्याने 'आधी पोलीस केस करा, मग बघू' म्हणून दारातून परत पाठवलं होतं. ती पोर थरथरत होती.

काळा कोट

ताई, हे बेकायदा होतं. कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. पीडितेवर प्रथमोपचार आणि उपचार लगेच, फुकट, हे सरकारी आणि खाजगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. टाळलं तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली रुग्णालयाच्या प्रमुखाला शिक्षा आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत तर स्पष्ट आहे की मुलाला तातडीचा उपचार देताना कुठलाही कागद आधी मागायचा नाही. पोलिसांना कळवायचं काम रुग्णालयाचं. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची, आणि मुलीचा जिच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती सोबत हवी. बालकल्याण समितीकडून 'सपोर्ट पर्सन' मागता येतो, जो तपासापासून खटल्यापर्यंत घरच्यांबरोबर राहतो. बहुतेकांना ही सोय आहे हेच माहीत नसतं. तातडीला मुलांची हेल्पलाइन, १०९८.

नर्मदेकाठची (धागाकर्ती)

वकीलसाहेब, हे निवेदनात पहिलं यायला हवं. दर रुग्णालयाच्या दारावर कलम ३९७ ची पाटी मराठी-हिंदीत लावा, सपोर्ट पर्सन नेमा, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत माणसं भरा, म्हणजे डीएनएचा अहवालही वेळेवर येईल आणि त्याचा साक्षीदारही. अशा कागदावर मी घरोघरी फिरून सह्या आणीन.

सुदामानगरचे अण्णा

मसुदा लिहा, माझी सही घ्या. इंजेक्शनचं निवेदन मी मागे घेत नाही, पण हे जास्त निकडीचं आहे हे मान्य.

मांडवी, बडोदे

उशिरा आलो. एक अवघड प्रश्न टाकतो, कोणी टाकला नाही म्हणून. गुन्हा घडण्याआधीचं काय? बर्लिनच्या शारिते रुग्णालयात २००५ पासून असा दवाखाना आहे की मुलांबद्दल आकर्षण वाटणारा माणूस नाव न सांगता येऊन उपचार घेऊ शकतो. आपल्याकडे पोक्सोचं कलम १९ म्हणतं की गुन्हा होण्याची शक्यता वाटली तरी प्रत्येकाने पोलिसांना कळवावं. मुलांसाठी ते गरजेचं आहे. पण मग जो अजून काही केलेला नाही आणि स्वतःला घाबरतो आहे, तो कुठे जाणार? डॉक्टरसाहेब, असा कोणी तुमच्याकडे येतो का?

एमवायचा जुना विद्यार्थी

येतात. कमी येतात, फार उशिरा येतात, आणि बहुतेक वेळा 'झोप लागत नाही' म्हणून येतात. खरं कारण तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर पडतं.

मी सुरुवातीलाच सांगतो की काही घडलं असेल किंवा एखाद्या मुलाला धोका दिसला तर मला कळवावंच लागेल, गुप्ततेचं वचन तिथे संपतं. काही जण तिथूनच उठून जातात, आणि त्याचं मला वाईट वाटतं. जे थांबतात त्यांना पहिला प्रश्न: घरात मूल आहे का, त्याच्याबरोबर एकटे असता का? मग झोपण्याची जागा बदलणं, शिकवणी सोडणं, दारू बंद, बायकोला किंवा भावाला विश्वासात घेणं. औषध लागलं तर बहुधा नैराश्यावरच्या साध्या गोळ्यांपासून सुरू करतो. त्यांनी काहींची वासनाही उतरते. संप्रेरकांची गरज थोड्यांना पडते आणि ते स्वतःच मागतात.

नुसता विचार येणं हे कलम १९ खाली कळवण्याजोगं नाही, असं मी धरून चालतो. पण कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं नाही आणि माझे कितीतरी सहकारी या भीतीनेच असे रुग्ण घेत नाहीत. वकीलसाहेब, नव्या मसुद्यात यावर एक कलम टाकता येईल का? तोवर कोणी वाचत असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट. फोनवर तेवढंच म्हणा की मला स्वतःची भीती वाटते.